खाडीतली लेकुरवाळी

मांजराचं कौतुक आपल्याकडे घरोघरी. दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवलं नाही म्हणून दिवसातून दोनदा चिडायचं, आणि संध्याकाळी तिलाच बशीत दूध ओतून द्यायचं! पण याच मांजराचं नाव लावणारा एक प्राणी आपल्या कोकणच्या खाड्यांत, नद्यांत राहतो आणि आपल्यापैकी दहातल्या नऊजणींनी तो कधी पाहिलेला नसतो. त्याचं नाव पाणमांजर. जुन्या माणसांच्या तोंडी त्याला ‘ऊद’ असा सुटसुटीत शब्द आहे.

नावात मांजर असलं तरी मांजराशी त्याचं काही नातं नाही. त्याची भावकी मुंगसासारख्या दिसणाऱ्या ‘वीझल’ची, आणि आपल्याकडच्या चांदी अस्वलाची. रात्री कौलांवरून धावणारं उदमांजर ते हे नव्हे. ते वेगळं, झाडावर चढणारं. हा आमचा ऊद पाण्यातला. संस्कृतात त्याला ‘उद्र’ म्हणतात. ‘उदक’ हा शब्द त्याच मुळापासून आला, आणि इंग्रजीतला ‘ऑटर’ही त्याच कुळातला. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी माणसांनी त्याला नाव दिलं ते ‘पाण्याचा’ एवढंच. पाणी गेलं की ऊद गेला, हे त्यांनी नावातच सांगून ठेवलं म्हणायचं.

मी अर्धवेळ शाळेत शिकवते. वर्गातल्या मुलांना पाणमांजराचं चित्र दाखवलं तर कुणी त्याला सील म्हणतं, कुणी मुंगूस, आणि एक जण ठामपणे सांगतो की हा प्राणी फक्त परदेशात असतो. मोबाइलवर पाहिलेलं असतं ना! त्या मुलांच्या आयांसाठी, म्हणजे तुम्हा-आम्हांसाठीच, हा लेख लिहायला घेतला.

घर कसं असतं त्याचं?

जगात पाणमांजरांच्या तेरा-चौदा जाती मानतात. त्यांतल्या तीन भारतात आहेत. एक, मऊ, गुळगुळीत केसांचं पाणमांजर. हे सगळ्यांत मोठं, सात ते अकरा किलो वजनाचं, कोकण-गोव्याच्या खाड्यांत राहतं ते हेच. दुसरं लहान नखांचं, पाच किलोंच्या आतबाहेरचं; ते सह्याद्रीतल्या ओढ्यांत राहतं आणि मुख्यतः खेकड्यांवर जगतं. तिसरं युरेशियन पाणमांजर. ते इतकं लाजाळू की मध्य भारतात त्याचे फोटो मिळाले ते २०१६ साली, तेही जंगलात लावून ठेवलेल्या आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांतून.

आपल्या खाडीतलं मोठं पाणमांजर एकटं राहत नाही. आई, बाप, गेल्या साली झालेली मुलं आणि यंदाची पिलं असा भरला संसार असतो. सगळे मिळून मासे हाकतात. अर्धवर्तुळ करून मासळीला काठाकडे दाबत नेतात, अगदी आपल्या कोळी बांधवांनी रापण ओढावी तसं. आणि या कुटुंबात कुठं जायचं, कधी निघायचं हे बहुधा आई ठरवते, असं निरीक्षण करणारे सांगतात. वाचून बरं वाटलं की नाही?

दोन महिन्यांच्या गर्भारपणानंतर काठावरच्या बिळात पिलं होतात. दोन, तीन, कधी पाच. डोळे मिटलेले, अगदी असहाय. गंमत अशी की पाण्यातल्या या प्राण्याच्या पिलांना पोहता येत नाही! ते शिकवावं लागतं. आई मानगुटीला धरून पाण्यात नेते, पिलू चिरकतं, काठाकडे पळतं, ती पुन्हा आणते. पहिल्या दिवशी बालवाडीच्या दारात रडणारी मुलं आणि दाराआड थांबलेल्या आया आठवतात. वर्षभर ही शिकवणी चालते. मासा कसा धरायचा, काटा कुठून टाळायचा, कुत्रा दिसला तर काय करायचं. एवढी मेहनत घेऊन वाढवलेलं एक पिलू जाळ्यात अडकून गुदमरलं तर त्या कुटुंबाचं किती नुकसान होत असेल, त्याचा अंदाज आपल्याला कुणी सांगायला नको.

शेणावरून पत्ता

आता प्रश्न असा, की जो प्राणी दिसतच नाही त्याचा अभ्यास करतात कसा?

उत्तर जरा नाक मुरडायला लावणारं आहे. त्याच्या विष्ठेवरून! पाणमांजरांची विष्ठा करण्याची जागा ठरलेली असते. खडकावर, बांधावर, खाजणाच्या कडेला. सगळं कुटुंब तिथंच जातं. ती त्यांची चिठ्ठी ठेवण्याची जागा म्हणा. ‘आम्ही इथं राहतो, तुम्ही पुढे जा’ हा निरोप वासातून दुसऱ्या कळपाला मिळतो. अभ्यासक ती विष्ठा गोळा करतात, धुतात, वाळवतात आणि त्यातले माशांचे खवले, काटे, चिंबोरीच्या कवचाचे तुकडे वेगळे काढतात. आपण तांदूळ निवडतो ना, तसंच बसून. त्यावरून कळतं की प्राण्यानं काय खाल्लं, कुठल्या ऋतूत काय खाल्लं. त्याच्याच जोडीला कॅमेरे, चिखलातल्या पावलांचे ठसे, आणि अलीकडे विष्ठेतल्या अंशावरून जनुकांची तपासणी.

डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचे एस. ए. हुसेन यांनी चंबळ नदीवर अशा अभ्यासाचा पाया घातला. केरळात पेरियारच्या तलावावर पुढे तसंच काम झालं, आणि तिथं पाणमांजरांचा आहार बहुतांशी मासळीचाच असल्याचं दिसलं. कर्नाटक सरकारनं २०१५ साली तुंगभद्रेच्या काठावर पाणमांजरांसाठी खास राखीव क्षेत्र जाहीर केलं. देशातलं अशा प्रकारचं ते पहिलं.

आपल्या बाजूला यावं तर गोव्याचं उदाहरण जवळचं. रायबंदरहून फेरीबोटीनं मांडवी ओलांडली की चोडण बेट लागतं. पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेलं डॉ. सलीम अली अभयारण्य तिथंच. त्या बेटावरच्या कांदळवनात आणि खाजणात पाणमांजरांचे कळप आहेत, आणि ‘वाइल्ड ऑटर्स’ या संस्थेची मंडळी तिथं राहून त्यांचा अभ्यास करतात. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या नद्या-खाड्यांतही पाणमांजरांचा वावर कुठं, कोणत्या ऋतूत असतो याचा अभ्यास झाला आहे. सिंधुदुर्गात तर तिलारीच्या खोऱ्यात त्यांची ये-जा आहेच.

रेवसच्या धक्क्यावरून

चोडणचं वर्णन वाचताना मला सारखं वाटत होतं की हे आपल्याच रेवसचं वर्णन चाललंय. भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं आलं की उतरायचं ते धरमतर खाडीच्या मुखाशी. समोर कारंजा, मागं अंबा नदीचं पाणी, दोन्ही काठांना तिवरांची गर्द पट्टी, आणि आत खारभूमी. गोव्याकडे ज्याला खाजन म्हणतात तेच आपलं खारपाट. समुद्राचं पाणी अडवायला मातीचा बांध, आतलं पाणी सोडायला उघाडी, आणि बांधाच्या आत भात. पेण-अलिबागकडच्या घरांजवळच्या तळ्यांत जिताडा वाढवायचा, आणि जावई आला की तो काढायचा, ही आपली रीत. चिंबोऱ्या, निवट्या, बोईट, कोळंबी. पाणमांजराच्या ताटात जे जे लागतं ते सारं या खाडीनं पिढ्यान्‌पिढ्या पुरवलंय.

पण आमच्या दारावर मासळी घेऊन येणाऱ्या मावशींचं गणित निराळं आहे. मी एकदा त्यांना पाणमांजराचं सांगत बसले, ते किती हुशार, किती प्रेमळ. त्यांनी पाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “बाय, त्याला पन मावरा लागतो, मना पन मावरा लागतो. आदी खारीन मावरा ऱ्हाव दे, मंग कोनी किती खावाचा तं बगू.”

पुस्तकातलं एक पानभर स्पष्टीकरण या एका वाक्यात आहे. मोठं पाणमांजर दिवसाला किलोभर मासळी खातं. जिथं ती राहतात तिथं मासेवाल्यांची जाळी फाडतात, कोळंबीच्या तळ्यात शिरतात. पाच-दहा हजारांचं जाळं फाटलं तर ते शिवणाऱ्या घरात पाणमांजराचं कौतुक कसं होणार? संरक्षणाचा विचार करणाऱ्यांनी ही बाजू सोडून चालणार नाही, आणि चांगले अभ्यासक ती सोडतही नाहीत. ते आधी मासेमारांशी बोलतात. बांगलादेशात नडाईल भागात तर कोळी लोक पिढ्यान्‌पिढ्या पाळीव पाणमांजरांकडून मासे जाळ्यात हाकून घेत आले आहेत. म्हणजे वैर हा एकच मार्ग नाही.

खरी गोष्ट अशी, की मावशींचा मासा पाणमांजरानं संपवलेला नाही. खाडीत सांडपाणी येतं, रसायनं येतात, गाळ साचतो, बारीक आसाची जाळी पिल्लूमासळीसुद्धा सोडत नाहीत, आणि जिथं मासळी अंडी घालते ती कांदळवनं भरावाखाली जातात. यातल्या प्रत्येक गोष्टीनं मावशींचं आणि पाणमांजराचं नुकसान एकदमच होतं. म्हणून तर शास्त्रज्ञ म्हणतात, ज्या खाडीत पाणमांजर आहे तिथं पाण्यात अजून जीव आहे असं समजावं.

दूरदेशीच्या चार गोष्टी

इंग्लंडमध्ये कुत्र्यांचे तांडे घेऊन पाणमांजरांची शिकार करण्याची जुनी हौस होती. हे शिकारी मोठे टापटिपीचे. किती दिवस निघालो, किती सापडले, सगळं वहीत लिहून ठेवायचे. पुढे अभ्यासकांनी त्याच वह्या तपासल्या तेव्हा दिसलं की १९५७ च्या सुमारास आकडे एकदम घसरले. कारण शिकार नव्हतं. बियाण्याला कीड लागू नये म्हणून त्या सुमारास ‘डिल्ड्रिन’ नावाचं औषध चोळायला सुरुवात झाली होती. ते शेतातून ओढ्यात, ओढ्यातून माशात, आणि रोज मासेच खाणाऱ्या पाणमांजराच्या अंगात साठत गेलं. ते औषध टप्प्याटप्प्यानं बंद झालं, १९७८ साली इंग्लंडात पाणमांजर मारण्याला कायद्यानं बंदी आली, आणि नद्या हळूहळू स्वच्छ झाल्या. सर्व परगण्यांत पाणमांजर परतल्याची बातमी आली ती २०११ साली. बिघडायला दहा-पंधरा वर्षं पुरली, सुधारायला जवळजवळ पन्नास लागली!

जपानची गोष्ट मात्र दुःखाची. कातड्यासाठी शिकार आणि बिघडलेल्या नद्या यांमुळे तिथलं पाणमांजर कमी कमी होत गेलं. १९७९ नंतर ते खात्रीनं कुणाला दिसलं नाही, आणि २०१२ साली सरकारनं ते नामशेष झाल्याचं जाहीर केलं. पुढचं ऐकून तर कपाळाला हात लावाल. त्याच जपानात नंतर पाळीव पाणमांजरांची टूम निघाली. चहा पिता पिता पाणमांजराला कुरवाळायची उपाहारगृहं निघाली, आणि त्यांच्यासाठी आग्नेय आशियातून डोळेही न उघडलेली पिलं सामानात लपवून नेताना लोक पकडले गेले. शेवटी २०१९ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत आपल्याकडच्या दोन जातींना, गुळगुळीत केसांच्या आणि लहान नखांच्या, जागतिक व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत घातलं.

कातड्याचा व्यापारही काही जुनी गोष्ट नाही. २००३ साली तिबेटमध्ये एकाच ठिकाणी पकडलेल्या मालात ३१ वाघांची, ५८१ बिबट्यांची आणि ७७८ पाणमांजरांची कातडी निघाली. वाघाच्या कातड्याची बातमी सगळीकडे छापून आली. पाणमांजरांचा आकडा त्या बातमीच्या तळाशी राहिला. समारंभाच्या झग्यांना किनार लावायला ही कातडी लागतात. आपल्या पैठणीच्या काठासाठी कुणाच्या लेकरांचा जीव जात नाही, हे आपलं भाग्यच!

उत्तर पॅसिफिकमधलं सागरी पाणमांजर तर फरसाठी जवळजवळ संपलंच होतं. त्याच्या अंगावर जगातल्या कुठल्याही प्राण्यापेक्षा दाट केस असतात, हाच त्याचा गुन्हा. १९११ मध्ये चार देशांनी करार करून शिकार थांबवली तेव्हा एक-दोन हजारच उरली होती. पुढे १९७० च्या दशकात जेम्स एस्टिस नावाच्या शास्त्रज्ञानं अलास्काजवळची बेटं तपासली. जिथं पाणमांजरं परत आली होती तिथं समुद्रात केल्प नावाच्या वनस्पतीचं अरण्य होतं, माशांनी भरलेलं. जिथं ती नव्हती तिथं काटेरी समुद्री अर्चिननी सगळं अरण्य कुरतडून टाकलं होतं. पाणमांजर अर्चिन खातं, म्हणून केल्प वाचतं, म्हणून मासे राहतात. घरातली एक खुंटी काढली तर वरची फळी कशी कोसळते, तशातला हा प्रकार.

आणि शेवटची गोष्ट सिंगापूरची. तिथली घाणेरडी नदी १९७७ पासून दहा वर्षं खपून स्वच्छ केली. १९९८ मध्ये पाणमांजरांची एक जोडी कांदळवनात येऊन राहिली. तीही आपल्याच खाडीतल्या जातीची! आज त्या शहरात शंभराहून जास्त पाणमांजरं आहेत. लोकांच्या बागेतल्या तळ्यातले महागडे मासे खातात म्हणून तक्रारीही होतात. पण ती रस्ता ओलांडताना माणसं गाड्या थांबवतात.

आपल्या हातात काय?

आपल्या राज्यातलं काही चांगलंही सांगायला हवं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पाणमांजर मारणं, पकडणं, पाळणं, त्याचं कातडं बाळगणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्र सरकारनं २०१२ मध्ये कांदळवनांसाठी वेगळा कक्ष काढला. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयानं राज्यभर कांदळवन तोडण्यावर बंदी घातली. राज्यातलं सर्वाधिक कांदळवन आपल्या रायगडात आहे.

पण कायदा झाला म्हणजे सगळं मिटलं असं होत नाही. खारबांध फुटला की भाताच्या शेतात खारं पाणी शिरतं, दोन-चार वर्षांत तिवरं उगवतात, आणि मग ती तोडता येत नाहीत. ज्या घराची जमीन अशी गेली त्या घरातल्या बाईला तिवराचं कौतुक सांगणं हा नुसता कोरडेपणा. तिचा बांध वेळेवर बांधून मिळाला तर आत तिचं भात आणि बाहेर तिवर, दोन्ही राहतात. पूर्वी गावकरी मिळून बांध राखत, तेव्हा दोन्ही होतंच. रेवसहून रेड्डीकडे जाणाऱ्या सागरी महामार्गाचं आणि खाड्यांवरच्या पुलांचं कामही आता हाती घेतलं आहे. रात्री-अपरात्री आजाऱ्याला मुंबईला न्यायचं असतं त्यांना पूल हवाच. पण भराव कुठं टाकायचा, भरती-ओहोटीचं पाणी मोकळं राहतं की नाही, हे विचारायला ग्रामसभेत आपणही जायला काय हरकत आहे?

घरच्या घरी करण्यासारखं म्हणाल तर फार अवघड नाही.

बाजारात बोटभर लांबीचे पापलेट, सुरमईची पिल्लं स्वस्तात मिळतात म्हणून घेऊ नयेत. राज्य सरकारनं २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचं किमान माप ठरवलं आहे. आपण घेतलं नाही तर विकायला येणार नाही.

निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या, तळणाचं उरलेलं तेल मोरीत किंवा खाडीत टाकू नये. तेल थंड करून कागदात टिपून कचऱ्यात द्यावं. नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा किनाऱ्यावर दिसला तर उचलून आणावा. त्यात कासवंही अडकतात आणि पाणमांजरंही.

सहलीला खाडीकाठी गेलात तर उरलेलं अन्न फेकू नये. त्यावर मोकाट कुत्री पोसतात, आणि बिळातली पिलं कुत्र्यांच्या तोंडी सापडतात.

पाळीव पाणमांजराचे गोंडस व्हिडिओ मुलांनी दाखवले तर ‘किती गोड’ म्हणून पुढे पाठवण्याऐवजी ते पिलू आईपासून कसं आणलं असेल, एवढं त्यांना विचारावं. मुलं समजूतदार असतात. विचारलं की विचार करतात.

आणि कधी पाणमांजराचं पिलू एकटं दिसलंच तर घरी आणू नये. आई जवळपास असते. जखमी असेल तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

मे महिन्याचा शेवटचा बुधवार जगभर पाणमांजरांचा दिवस म्हणून पाळतात. नेमकी तेव्हा आपल्याकडे मुलांना सुट्टी असते, आणि पावसाळ्यापूर्वीची लोणची-पापडांची घाई उरकत आलेली असते. त्या दिवशी सकाळी लवकर, ओहोटीच्या वेळी, मुलांना घेऊन जवळच्या खाडीच्या बांधावर जाऊन यावं. चिखलात पाच बोटांचे, मधे पातळ पडदा असलेले ठसे दिसतात का पाहावं. दिसले तर जागा लिहून ठेवा आणि वनखात्याला कळवा. नाही दिसले तरी निवट्या उड्या मारताना दिसतील, बगळे दिसतील, तिवराची मुळं चिखलातून वर डोकावताना दिसतील. ज्या पाण्यातला मासा आपण रोज रांधतो, ते पाणी मुलांनी एकदा तरी जवळून पाहिलेलं बरं.